वेळेचा अनुशेष

आषाढ लागला, की पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात दोन कामे एकाच वेळी दाराशी येऊन उभी राहतात आणि दोहोंपैकी एकही थांबावयास तयार नसते. पहिले काम रोवणीचे. पाऊस धरला, बांधीत चिखल साधला आणि पऱ्हे तयार झाले, म्हणजे घरातील प्रत्येक हात त्या दिवशी शेतात लागतो. दुसरे काम मुलामुलींच्या प्रवेशाचे. बारावीचा निकाल हाती आलेला असतो, प्रवेशाच्या याद्या निघत असतात आणि उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र या कागदांना मुदत असते. शेताचे काम गावात होते. कागदाचे काम तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाऊन करावे लागते. या दोन ठिकाणांमधील अंतर नकाशावर थोडके दिसते. ते कापावयास लागणारा वेळ मात्र नकाशावर कोठेही लिहिलेला नसतो.

भंडारा जिल्ह्यातील सिहोरा या गावाच्या थांब्यावर उभे राहून या वेळेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तुमसरहून बपेऱ्याकडे, म्हणजे मध्य प्रदेशच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे वीस किलोमीटरवर हे गाव वसले आहे. चांदपूरचा जलाशय आणि तेथील हनुमान मंदिर जवळच आहे. सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेने बावनथडीचे पाणी उचलून याच जलाशयात आणले जाते. चुल्हाड, बिनाखी, बपेरा अशा आसपासच्या गावांचा सिहोऱ्याशी नित्याचा राबता आहे. म्हणजे सिहोरा हे आडबाजूचे खेडे नव्हे; आडबाजूच्या खेड्यांनी ज्याचा आधार घ्यावा, असे ते गाव आहे. सिहोऱ्याची जी अवस्था, तिच्याहून त्या पलीकडील गावांची अवस्था बरी असण्याचा संभव नाही.

चौदा तासांचा एक दिवस

आषाढातील एका शुक्रवारचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ते कोणा एका कुटुंबाचे नाही. परंतु या मार्गाने जाणाऱ्या-येणाऱ्या कोणासही ते परके वाटणार नाही. एका शेतकऱ्याला आपल्या मुलीसह भंडाऱ्याला जावयाचे आहे. जात पडताळणीचा अर्ज आता संगणकावर भरता येतो, हे खरे. पण त्यात त्रुटी निघाली आणि मूळ कागद दाखविण्यास बोलावणे आले, की जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यावाचून गत्यंतर नसते. बापलेक सकाळी सहा वाजता थांब्यावर येऊन उभी राहतात. सहाची गाडी येत नाही. ती उशिरा येणार आहे, की रद्द झाली आहे, हे सांगणारे तेथे कोणी नसते. चहाच्या टपरीवरचा माणूस आपल्या अनुभवावरून अंदाज देतो आणि त्या अंदाजावर पंधरावीस माणसे उभी राहतात. आठ वाजता दुसरी गाडी येते. पाऊण तासात ती तुमसरला पोहोचते. तेथे भंडाऱ्याच्या गाडीसाठी दीड तास जातो, कारण पहिली जी मिळावयाची ती सकाळच्या खोळंब्यात निघून गेलेली असते आणि नंतरच्या एका गाडीत पाय ठेवावयास जागा नसते. सव्वादहाला मिळालेली गाडी मोहाडी, वरठी करीत सव्वा तासाने, साडेअकरा वाजता भंडाऱ्याच्या स्थानकात शिरते. चालत चालत कचेरी गाठेपर्यंत बारा वाजतात.

कचेरीत कोणी अडवणूक केली, असे मुळीच नाही. रांग होती, ती सकाळी पावणेदहापासून आलेल्यांची होती. जेवणाची सुटी झाली, तीही नियमाप्रमाणे झाली. तीनच्या सुमारास पाळी आली, तेव्हा एका जुन्या दाखल्याची मूळ प्रत घरी राहिल्याचे निघाले. ती घेऊन पुन्हा यावयास सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी शनिवार. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला असल्याने शनिवार आणि रविवार दोन्ही बंद. म्हणजे आता सोमवार. भंडाऱ्यात राहणाऱ्या माणसाने तो कागद त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत आणून दिला असता.

परतीचा प्रवास सकाळच्याच धर्तीवर होतो. साडेतीनला स्थानकावर आलेल्या माणसांना साडेचारला गाडी मिळते, पावणेसहाला तुमसर येते आणि सिहोऱ्याच्या गाडीची वाट पाहण्यात सव्वा तास जातो. संध्याकाळ होते, तसतसा मुलीच्या बापाचा जीव खालीवर होऊ लागतो. कारण आता ही गाडी आली नाही, तर काळी-पिवळीत कोंबून घेऊन जावयाचे, की ओळखीच्या कोणाच्या दुचाकीची आशा करावयाची, हा विचार त्याला करावा लागतो. सुदैवाने सातला गाडी येते. आठ वाजता दोघे घरी पोहोचतात. त्या दिवसाची रोवणी शेजाऱ्यांच्या भरवशावर झालेली असते आणि मजुरांची मजुरी द्यावयाची असतेच.

या दिवसाची बेरीज-वजाबाकी मांडली, तर ती बोलकी आहे. घराबाहेर गेलेले तास चौदा. त्यात गाडीची चाके फिरत होती ते तास चार. कचेरीत गेलेले तीन, पायी चालण्यात गेलेला सव्वा तास. उरलेले पावणेसहा तास निव्वळ वाट पाहण्यात गेले. जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटरचा हा प्रवास. पण या माणसाला थकविले ते अंतराने नव्हे, रस्त्याने नव्हे आणि गाडीच्या मंद गतीनेही नव्हे. त्याला थकविले ते अनिश्चिततेने.

न मोजलेली तूट

विदर्भाला अनुशेष हा शब्द नवा नाही. १९५३ च्या नागपूर कराराने प्रादेशिक समतोलाची हमी दिली आणि ती कितपत पाळली गेली, यावर पुढे तीन दशके वाद झाला. त्यातूनच १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, हे तिने आकड्यांत मांडले. त्या कामाचे मोल मोठे आहे. तोवर जी गोष्ट भाषणांतील तक्रार होती, ती मोजण्याजोगी वस्तू झाली.

तथापि त्या मोजणीला एक मर्यादा होती. तिने रस्त्यांची लांबी मोजली. त्या रस्त्यावरून सामान्य माणसाला नेणारी गाडी दिवसातून किती वेळा येते आणि ठरल्या वेळी येते की नाही, हे मोजणे त्या चौकटीत बसणारे नव्हते. पुढल्या काळात रस्ते पुष्कळ झाले. पूर्वी पावसाळ्यात तुटणारी गावे आता बव्हंशी बारमाही जोडली गेली आहेत. पण रस्ता होणे आणि प्रवास होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्यापाशी वाहन आहे, त्याला रस्ता पुरतो. ज्याच्यापाशी ते नाही, त्याच्या लेखी गाडी येईपर्यंत रस्ता म्हणजे उभे राहण्याची जागा. रुपयांचा आणि किलोमीटरांचा अनुशेष मोजला गेला. तासांचा अनुशेष मात्र अद्याप कोणी मोजावयास घेतलेला नाही.

दुसऱ्या बाजूस वेगाचे कौतुक वाढत गेले आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. नागपूरहून मुंबईला मोटारीने आठ तासांत पोहोचता येते, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगण्यात आले. त्याच ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-बिलासपूर वंदे भारत गाडीही सुरू झाली. सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार नागपूर सोडल्यानंतर तिचा पहिला थांबा गोंदिया होता. म्हणजे भंडारा जिल्हा तिने खिडकीतून पाहावा, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध. या प्रकल्पांना विरोध करण्याचे कारण नाही. पण नागपूरच्या माणसाने आठ तासांत मुंबई गाठावी आणि सिहोऱ्याच्या माणसाला भंडारा गाठून परतण्यास चौदा तास लागावेत, ही तुलना मनाला बोचल्याशिवाय राहात नाही. सातशे किलोमीटरमधील तास वाचविण्यासाठी हजारो कोटी रुपये खर्च करणाऱ्या राज्याला पन्नास किलोमीटरमधील तास वाचविण्यासाठी त्या मानाने फारच थोडे लागले असते.

‘रोड’ नावाची स्थानके

रेल्वेने हा प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणेल. पण या जिल्ह्यात रेल्वेची कथाही अर्धवटच आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी झाली आणि पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेत समाविष्ट होऊन हावडा-मुंबई या मुख्य मार्गाचा भाग बनली. आजही देशाच्या पूर्व-पश्चिम वाहतुकीचा मोठा ओघ भंडारा जिल्ह्यातून जातो. मात्र या मार्गावरील जिल्ह्याच्या दोन प्रमुख स्थानकांची नावेच पाहावीत. भंडाऱ्याचे स्थानक वरठीला आहे आणि त्याचे नाव ‘भंडारा रोड’. तुमसरचे मुख्य स्थानक देव्हाडीला आहे आणि त्याचे नाव ‘तुमसर रोड’. रुळांनी आपला मार्ग आखला, गावे बाजूला राहिली आणि गावापासून रुळापर्यंत येण्याची जबाबदारी ‘रोड’ या एका शब्दावर सोपविण्यात आली. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा फाटा आहे, पण तो डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या दिशेने जातो. सिहोरा त्यावर नाही.

असे असताना रेल्वे आणि एस. टी. यांच्या वेळा एकमेकींशी जुळविणे, ही पहिली गरज ठरावयास हवी होती. देव्हाडीला गाडी थांबल्यानंतर ठरावीक मिनिटांत तुमसरमार्गे सिहोऱ्याकडे बस निघावी, वरठीला उतरलेल्या माणसाला भंडाऱ्याची बस मिळावी, एवढे झाले तरी जिल्ह्याचा दिवस दोन-तीन तासांनी मोठा होईल. त्याऐवजी गेल्या काही वर्षांत रेल्वेच्या सामान्य प्रवाशावर आणखीच ताण पडला. मार्च २०२० मध्ये थांबलेल्या पॅसेंजर गाड्या नंतर सुरू झाल्या, त्या अनेक ठिकाणी ‘विशेष’ म्हणून आणि एक्स्प्रेसच्या भाड्याने. जुने सामान्य भाडे परत येण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडले.

मंद गती हा दोष नव्हे

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. एस. टी. मंद चालते, ही तिच्याविरुद्धची तक्रार होऊ शकत नाही. प्रत्येक फाट्यावर थांबणे, हात करणाऱ्या म्हातारीला चढवून घेणे, शाळकरी मुलांना त्यांच्या गावाशी उतरविणे, हाच तिचा धर्म आहे. वीस किलोमीटरला पाऊण तास लागला, म्हणून सिहोऱ्याचा माणूस कुरकुरत नाही. गाडी हळू चालली, तर प्रवास लांबतो. गाडी येईल की नाही हेच ठाऊक नसले, तर माणसाला सगळा दिवसच राखून ठेवावा लागतो. दुपारी परत येऊन शेतावर जाईन, असे तो ठरवू शकत नाही. सकाळच्या पहिल्या तासिकेला हजर राहीन, असे विद्यार्थी म्हणू शकत नाही. तुमसरला राहून सिहोऱ्याच्या बाजूला शिकवावयास जाणारा शिक्षक आणि सिहोऱ्याला राहून तुमसरच्या कचेरीत जाणारा कारकून, दोघांनाही रोज एक तास उगाच आधी निघावे लागते, आणि तेवढ्यानेही हजेरीपटावरील उशिराची खूण टळेलच, असे नाही.

स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये आपल्या रेल्वेचे वेळापत्रक नव्याने बांधले, तेव्हा सूत्र ठेवले ते वेगाचे नव्हे. गाडी दर तासाला, त्याच मिनिटाला यावी आणि डोंगरातील टपाल-बसने तिची वाट पाहावी, हे ते सूत्र. तो देश श्रीमंत आहे, हे कबूल. परंतु दोन गाड्यांच्या वेळा जुळविण्यास श्रीमंती लागत नाही, विचार लागतो. आपल्याकडे ‘वाट पाहीन, पण एस. टी.नेच जाईन’ हे वाक्य वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितले गेले. प्रवाशाच्या निष्ठेचे ते प्रशस्तिपत्र होते. त्या निष्ठेचा उपयोग वाट पाहावयास लावण्याचा परवाना म्हणून केला जाऊ नये.

एकाच कायद्याची दोन कलमे

एस. टी.वर टीका करणे सोपे आहे. तिची कोंडी समजून घेणे त्याहून आवश्यक आहे. १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली गाडी धावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भाची प्रांतिक वाहतूक सेवाही या व्यवस्थेत आली. ‘गाव तिथे एस. टी.’ हे ब्रीद केवळ घोषणेपुरते राहिले नाही, ते पुष्कळ अंशी प्रत्यक्षात उतरले. महाराष्ट्राच्या दोन पिढ्या एस. टी.च्या पासावर शिकल्या, हे विधान अतिशयोक्तीचे नाही.

पण ज्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली ही संस्था चालते, त्यातच तिच्या अडचणीचे मूळ आहे. त्याचे अठरावे कलम सांगते, की कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि परस्परांशी योग्य सांगड असलेली वाहतूक सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. बाविसावे कलम सांगते, की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. पुणे-मुंबईच्या मार्गावर ही दोन्ही कलमे सुखाने एकत्र नांदतात. सिहोरा-बपेऱ्याच्या रस्त्यावर त्यांचे भांडण होते. तेथे सेवा पुरेशी द्यावी, तर व्यापार साधत नाही. व्यापार साधावा, तर सेवा उरत नाही. गाड्या कमी पडू लागल्या, की पहिली कात्री उत्पन्न कमी असलेल्या फेरीला लागावी, हा हिशेबाच्या वहीचा साधा न्याय आहे.

आणि गाड्या कमी पडू लागल्या आहेत, हे उघड सत्य आहे. २०२० पूर्वी महामंडळाचा ताफा अठरा हजारांच्या घरात होता. २०२५ च्या सुमारास तो पंधरा हजारांच्या आसपास उतरला. मध्यंतरी टाळेबंदी आली, मग विलीनीकरणाच्या मागणीसाठी २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी महामंडळाच्या स्थितीची जी श्वेतपत्रिका मांडली, तीत संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांहून अधिक दाखविला आहे. याच संस्थेकडून राज्य शासन वर्षानुवर्षे तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले. एका हाताने कर घ्यावयाचा, दुसऱ्या हाताने सवलतींची प्रतिपूर्ती द्यावयाची आणि मधल्या काळात महामंडळाने वेतनासाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसावयाचे, हा प्रकार व्यापारही नव्हे आणि सेवाही नव्हे. तमिळनाडूची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वासात कोटींच्या आत होती, महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटींच्या घरात. तरीही तेथील सरकारी महामंडळांकडे, चेन्नई शहराच्या गाड्या धरून, वीस हजारांच्या आसपास गाड्या आहेत. सार्वजनिक गाड्यांचा ताफा आकुंचित होणे हा काही निसर्गनियम नव्हे.

सवलत आहे, गाडी हवी

शासनाने प्रवाशांसाठी काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. पंच्याहत्तर वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एस. टी.चा प्रवास विनामूल्य आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळते आणि तिच्यामुळे स्त्रियांचा प्रवास वाढला, हे कोणत्याही स्थानकावर दिसते. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांत विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र निळ्या गाड्याही देण्यात आल्या. दुसरीकडे २५ जानेवारी २०२५ पासून भाड्यात जवळजवळ पंधरा टक्के वाढ झाली, ती पूर्ण तिकीट काढणाऱ्याने सोसली.

परंतु सवलत तिकिटावर मिळते आणि तिकीट गाडीत बसल्यावर मिळते. न आलेल्या गाडीचे निम्मे तिकीट कोणाच्याच उपयोगाचे नाही. किंबहुना, सवलतीने प्रवासी वाढले आणि गाड्या वाढल्या नाहीत, म्हणजे सवलतीचे रूपांतर गर्दीत होते. खेड्यातील मुलीचे शिक्षण कोठपर्यंत चालावयाचे, हे पुष्कळदा तिच्या गुणांवर ठरत नाही; ते संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर ठरते. ती गाडी आठवड्यातून दोनदा चुकू लागली, की तिसऱ्या आठवड्यात घरात चर्चा सुरू होते आणि वर्षअखेर पास कपाटात राहतो.

नदीच्या पलीकडे

आता घरोघर दुचाकी आल्या, खाजगी गाड्याही धावतात, मग एस. टी.चा एवढा आग्रह कशासाठी, असा एक युक्तिवाद केला जातो. दुचाकी आली, ती घरातील तरुण पुरुषाच्या हाती आली. म्हातारी माणसे, आजारी माणसे, शाळकरी मुले आणि बहुसंख्य स्त्रिया यांना ती कोणीतरी चालवून न्यावी लागते. म्हणजे एकाच्या कामासाठी दोघांचा दिवस मोडतो. शिवाय गाडीचा भरवसा गेला, की ज्यांना दुसरी सोय करता येते, ते निघून जातात. प्रवासी घटले म्हणून फेरी घटते आणि फेरी घटली म्हणून उरलेले प्रवासी घटतात. या चक्राच्या शेवटी थांब्यावर उरतात ती फक्त ज्यांना पर्यायच नाही, अशी माणसे. त्यांचा आवाज कोठेही पोहोचत नाही.

खाजगी व्यवस्थेवर सारे सोपविल्यास काय होते, हे पाहण्यासाठी सिहोऱ्याच्या माणसाला फार दूर जावयाचे कारण नाही. बपेऱ्याच्या पलीकडे मध्य प्रदेश आहे. त्या राज्याने २००५ मध्ये आपले मार्ग परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय घेतला आणि रस्ते खाजगी गाड्यांना मोकळे केले. वर्दळीच्या मार्गांवर गाड्या मिळत राहिल्या. आडमार्गांचे काय झाले, याचे उत्तर त्याच राज्याच्या पुढील निर्णयात आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेथील मंत्रिमंडळाने ग्रामीण व आंतरशहरी मार्गांसाठी शासनाच्या देखरेखीखालील नवी परिवहन सेवा उभारण्यास मंजुरी दिली. मोडलेले पुन्हा बांधावयास वीस वर्षे लागली. जे महाराष्ट्रापाशी अजून उभे आहे, ते मोडू न देणे अधिक शहाणपणाचे आणि स्वस्तही आहे.

काय करता येईल

उपाय अवाढव्य नाहीत. पहिला उपाय असा, की प्रत्येक ग्रामीण मार्गावरील दिवसाची पहिली आणि शेवटची फेरी अभंग मानावी. गाडी बिघडली, चालक रजेवर गेला, यात्रेसाठी जादा गाड्या लागल्या, तरी कात्री मधल्या फेरीला लागावी. या दोन फेऱ्यांना कधीही लागू नये. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी मुक्कामी गाडी ही या दृष्टीने एस. टी.ची सर्वांत मोलाची परंपरा. ती जेथे बंद पडली असेल, तेथे पुन्हा सुरू करावी. मात्र त्यासाठी चालक-वाहकांना रात्री गाडीतच डास मारीत पडावे लागू नये. एक स्वच्छ खोली, पाणी आणि शौचालय एवढी व्यवस्था ग्रामपंचायत आणि महामंडळ मिळून करू शकतात. वेळेवर यावयाचे ओझे ज्यांच्या शिरावर, त्यांची झोप हाही वेळापत्रकाचाच भाग आहे.

दुसरा उपाय प्रामाणिक हिशेबाचा. प्रत्येक स्थानकात एक फलक असावा आणि मागील महिन्यात कोणत्या मार्गावर किती फेऱ्या ठरल्या, किती धावल्या आणि किती रद्द झाल्या, हे त्यावर लिहावे. खिशातील भ्रमणध्वनीवर जगाची खबर मिळणाऱ्या काळात सहाची गाडी रद्द झाल्याचे साडेपाचला कळविणे अशक्य नाही. रद्द झालेली फेरी जोवर मोजली जात नाही, तोवर ती कोणाच्याच तोट्यात धरली जात नाही.

तिसरा उपाय शासनाने करावयाचा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला आणि दाखला किती दिवसांत द्यावयाचा, याची मुदत ठरली. नागरिकाच्या वेळेला किंमत आहे, हे तत्त्व राज्याने तेव्हाच मान्य केले. तेच तत्त्व त्या दाखल्यासाठी करावयाच्या प्रवासाला लावले पाहिजे. तोट्यातील आवश्यक फेऱ्यांची यादी करून त्यांचा खर्च शासनाने अंदाजपत्रकात उघडपणे सोसावा. तो महामंडळाचा तोटा म्हणून दाखवू नये आणि गावावरील उपकार म्हणूनही दाखवू नये. जून-जुलैमध्ये पडताळणी व दाखल्यांची शिबिरे तालुक्याच्या आणि सिहोऱ्यासारख्या मोठ्या गावांच्या ठिकाणी घेतली, तर शेकडो माणसांचे दिवस वाचतील. दहा कर्मचाऱ्यांनी एक गाडी करून जाणे हे तीनशे माणसांनी तीन गाड्या बदलून येण्यापेक्षा केव्हाही सोपे. आणि लांबून येणाऱ्यास दुपारी बारा ते तीन ही वेळ नेमून दिली, तर त्यासाठी रुपयाही खर्च येणार नाही.

यांतील एकाही उपायाने सिहोऱ्याहून भंडाऱ्याला जाणारी गाडी अधिक वेगाने धावणार नाही. ती पूर्वीप्रमाणेच फाट्याफाट्याला थांबेल, मोहाडीला रेंगाळेल आणि दोन तास घेईल. तेवढे दोन तास द्यावयास सिहोऱ्याचा माणूस तयार आहे; त्याने ते कायमच दिले आहेत. त्याची मागणी उरलेल्या पावणेसहा तासांची आहे, आणि ते तास त्याच्याच मालकीचे होते.

सोमवारी सकाळी सहा वाजता तो शेतकरी आणि त्याची मुलगी घरी राहिलेली मूळ प्रत पिशवीत घालून पुन्हा त्याच थांब्यावर उभी राहतील. प्रमाणपत्राची मुदत संपत आलेली असेल आणि बांधीतील उरलेली रोवणी खोळंबलेली असेल. त्या दिवशी सहाची गाडी सहाला आली, तर दोन्ही कामे साधतील.